लव्हेंडर, पाण्याचा ताण आणि खारी जमीन: बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

लव्हेंडरचे प्रश्न वर्षभर येतात. मार्चनंतर "वाळलं" म्हणून, जुलैनंतर "कुजलं" म्हणून. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्यांची तक्रार बोअरच्या पाण्याची, खानापूरकडच्यांची पावसाची. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लव्हेंडरला पाणी फार कमी लागतं म्हणतात. म्हणजे किती कमी?

कमी लागतं ते मुळं धरलेल्या झाडाला. नर्सरीतून आणलेल्या रोपाची मुळं पिशवीच्या मापाचीच असतात. त्याला पहिला उन्हाळा तुम्ही काढून द्यायचा. वर्ष उलटलं, बुंधा लाकडी झाला की मग हात आखडता घ्यायचा.

जमिनीतल्या जुन्या झाडाला थंडीत दोन-तीन आठवड्यांनी एकदा, मार्च ते मे आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी पुरतं. देताना मात्र भरपूर द्यायचं, वीतभर खोल ओल गेली पाहिजे. रोज संध्याकाळी तांब्याभर ओतायची सवय असेल तर ती सोडा, त्याने मुळं वरच्या वर राहतात आणि पहिल्या कडक उन्हात झाड मान टाकतं. कुंडीतल्या झाडाला हे वेळापत्रक लागू नाही. तिथे बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. आणि पाणी खारं असेल तर आधी प्रश्न ११ वाचा.

२. एवढ्याशा पाण्यात हे झाड तगतं कसं?

एक पान तोडून उलटं करा आणि भिंगाखाली धरा. कडा खालच्या बाजूला वळलेल्या दिसतात आणि त्या वळकटीत पांढुरकी दाट लव असते. हे केस सरळ नसतात, त्यांना चांदणीसारखे फाटे असतात. पानाची श्वासाची छिद्रं म्हणजे पर्णरंध्रं बहुतेक याच बाजूला, त्या लवेच्या आडोशाला. वारा थेट लागत नाही, त्यामुळे बाष्प कमी उडतं. वरची राखाडी झाक ऊन परतवून लावते. पान अरुंद असल्यामुळे तापतंही कमी.

आतली व्यवस्था वेगळी. माती वाळायला लागली की मुळांकडून पानांना तसा रासायनिक निरोप जातो आणि रंध्रं मिटतात. पेशी प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल आणि साखर साठवतात, त्यामुळे आतलं पाणी धरून ठेवता येतं आणि कोरड्या मातीतूनही थोडं ओढता येतं. याची किंमत आहेच. रंध्रं मिटली की अन्न तयार होणं मंदावतं, म्हणून ताणात झाड जगतं पण वाढत नाही. "मेलं नाही पण मोठंही होत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

३. मग आमचं झाड दर पावसाळ्यात का जातं? उन्हाळा तर छान काढतं.

कारण हे झाड भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवरचं आहे. तिकडे पाऊस थंडीत पडतो, उन्हाळा कोरडा. आपलं गणित बरोबर उलटं: ऊब आणि ओल एकाच वेळी. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस होतो, खानापूर-कणकुंबीकडे त्याहून कितीतरी जास्त, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. झड लागली की मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात, मुळांना हवा मिळत नाही आणि फायटोफ्थोरासारख्या मूळकुजीला रान मोकळं होतं.

आपल्या भागात दुष्काळाने मेलेली लव्हेंडरं थोडी, पावसाने मेलेली पुष्कळ. म्हणून उपाय पाण्याचा नाही, निचऱ्याचा आहे. कुंडी असेल तर जूनमध्ये ती पत्र्याच्या किंवा सज्जाच्या आडोशाला घ्या, पण उजेड आणि वारा हवा. जमिनीत असेल तर वरंबा उंच हवा (प्रश्न ६). मे महिन्याच्या शेवटी आतल्या दाट फांद्या विरळ करा, म्हणजे वारा खेळेल. जुन्या बिनपानी लाकडापर्यंत छाटू नका, तिथून फुटवा क्वचितच येतो.

४. बेळगावात कुठलं लव्हेंडर लावावं?

चित्रातलं निळं-जांभळं शेत डोळ्यांपुढे असेल ते इंग्लिश लव्हेंडर, लव्हेंडुला अँगुस्टिफोलिया. त्याला चांगलं फुलायला खरी थंडी लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे आणि जानेवारीतली सकाळ गार असते, पण ती थंडी त्याच्या हिशोबात धरत नाही. झाड जगेल, फुलं तुरळक येतील.

इथे जास्त भरवशाचं ते डेंटाटा. पानांची कड दातेरी असते, नखाने कडेवरून गेलात तर समजतं. थंडीचा हट्ट नाही, ऊन सोसतं, आणि दमटपणाही इंग्लिशपेक्षा बरा सोसतं. दुसरं मल्टिफिडा, ज्याची पानं नेच्यासारखी चिरलेली असतात. ते बियांपासून सहज येतं, उन्हात फुलत राहतं, वास मात्र वेगळा, जरा औषधी, आणि दोन-तीन वर्षांत म्हातारं होतं. अथणी, रायबागकडच्या कोरड्या हवेत मी आधी तेच सुचवेन. खानापूरच्या तांबड्या, आंबट मातीत स्टोइकास जमतं, कारण त्याला चुनखडीची माती मानवत नाही. पावसाचा प्रश्न त्यालाही आहेच.

ऑनलाइन 'लॅव्हंडिन'चं बी म्हणून पाकिटं विकतात. लॅव्हंडिन हा संकर वांझ आहे, त्याला बी धरत नाही. ते फक्त फांदीपासून होतं. पाकिटात काय असेल ते देव जाणे.

५. आमच्या माळावर दिवाळीच्या सुमारास लव्हेंडरसारखी निळसर तुरे येणारी वनस्पती दिसते. तीच का?

जवळची नातलग आहे. लव्हेंडुला बायपिनाटा ही आपल्या दख्खनची, मराठीत घोडेघुई. पाने बारीक चिरलेली, तुरे पांढरट ते निळसर. पावसाळ्यात वाढते, पाऊस ओसरला की फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. दुष्काळाशी झुंजण्यापेक्षा त्याच्या आधीच काम उरकायचं, ही तिची रीत. बागेतल्या लव्हेंडरसारखा गोड वास तिला नाही. खणून आणलीत तर कुंडीत टिकत नाही.

६. लावायचं कधी आणि कसल्या मातीत?

दसरा ते दिवाळी. परतीचा पाऊस संपत आलेला असतो आणि उन्हाळ्यापर्यंत मुळांना चार-पाच महिने मिळतात. जूनमध्ये झाडं लावायची आपली जुनी रीत इथे उपयोगाची नाही.

खानापूर, बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती आहे. निचरा चांगला, पण बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी. इंग्लिश किंवा डेंटाटा लावायचं तर खड्ड्यात मूठभर चुनखडीची पूड मिसळा. येळ्ळूर, शहापूरपासून खाली अथणीपर्यंत काळी माती भेटते. तिथे सपाट जमिनीत खड्डा काढून त्यात वाळू भरू नका. भोवतालची काळी माती पाणी सोडत नाही आणि खड्ड्याची विहीर होते. त्याऐवजी फूट-दीड फूट उंच वरंबा किंवा गादीवाफा करा आणि त्यात निम्मा बारीक मुरूम मिसळा. बुंध्याभोवती उसाचं पाचट घालू नका, ते ओल धरतं. तिथे खडी बरी.

कुंडीसाठी तांबडी माती आणि जाड वाळू समसमान, वर एक-दोन मुठी चांगलं कुजलेलं खत. जास्त खत दिलं तर झाड पसरतं, मऊ होतं, आणि मऊ झाड ताण सोसत नाही.

७. क्षारपड आणि चोपण एकच ना?

नाही, आणि उपाय वेगळे असल्यामुळे हे माहीत असायला हवं. क्षारपड जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. वाळल्यावर वर पांढरं फूल येतं, पण माती भुसभुशीत राहू शकते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू (पीएच) ८.५ च्या वर जातो. ओली असताना ती चिखलासारखी गच्च, वाळल्यावर दगडासारखी, आणि पाणी वर साचून राहतं. दोन्ही दोष एकत्रही असतात. उसाला वर्षानुवर्षं पाटाने पाणी दिलेल्या कृष्णाकाठच्या भारी जमिनीत हे पाहायला मिळतं: भूजल वर येतं, त्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

लव्हेंडरला क्षारपड थोडी चालते. चोपण अजिबात चालत नाही. सोडियमपेक्षाही तिथे आधी मारतो तो तुंबलेला निचरा.

८. खारेपणाने झाडाचं नेमकं काय बिघडतं, आणि ते किती सोसतं?

कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तोच प्रकार मुळांपाशी होतो. मातीतलं पाणी इतकं खारट झालेलं असतं की ते मुळांना सहज ओढता येत नाही. माती ओली दिसते आणि झाड तहानलेलं असतं. म्हणून खारेपणावरची झाडाची पहिली प्रतिक्रिया दुष्काळासारखीच: रंध्रं मिटवणं, प्रोलिन साठवणं (प्रश्न २).

दुसरा घाव हळू बसतो. सोडियम आणि क्लोराइड पानांत साठत जातात. सोडियम पोटॅशियमची जागा घेतो आणि पेशींची कामं अडतात. लव्हेंडर हे क्षार जुन्या पानांत ढकलतं आणि ती पानं गाळून टाकतं, म्हणून झाड खालून उघडं पडत जातं आणि शेंड्याला हिरवं राहतं.

सोसण्याची ताकद मध्यम. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी, म्हणजे क्षारांमुळे वाढणारी विद्युतवाहकता, २ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर फारसा फरक पडत नाही, ४ च्या पुढे वाढ खुंटते, असं धरून चाला. ४ हीच जमीन क्षारयुक्त ठरवायची शास्त्रीय रेषाही आहे. जातीजातीत फरक आहे, मल्टिफिडा यात चिवट.

९. आमच्या बोअरचा टीडीएस ९०० दाखवतो. लव्हेंडरला देऊ का?

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. ६४० टीडीएस म्हणजे साधारण १ ईसी, त्या हिशोबाने तुमचं पाणी १.४ च्या आसपास. सिंचनाच्या पाण्यात ०.७ पर्यंत काळजी नाही, ०.७ ते ३ सांभाळून वापरायचं, ३ च्या पुढे नको. तेव्हा द्या, पण निचरा पक्का हवा आणि प्रश्न ११ मधली पद्धत पाळा. पाणी पानांवर शिंपडू नका, पानं क्लोराइड थेट शोषतात आणि कडा करपतात.

टीडीएस मीटर एकच आकडा देतो. त्यात कॅल्शियम किती, सोडियम किती, ते कळत नाही. काळ्या मातीतल्या काही बोअरचं पाणी चवीला गोडसर लागतं, टीडीएसही मध्यम असतो, पण त्यात सोडियमचे बायकार्बोनेट जास्त असतात आणि तेच हळूहळू जमीन चोपण करतात. म्हणून एकदा तरी प्रयोगशाळेत एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचे कार्बोनेट-बायकार्बोनेट किती) काढून घ्या. आरएससी २.५ च्या वर असेल तर ते पाणी विसरा. पाणी आणि माती कुठे तपासून मिळेल ते तुमच्या होबळीच्या रैत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात सांगतील. धारवाडचं कृषी विद्यापीठही लांब नाही.

पावसाचं पाणी साठवायची सोय असेल तर ते लव्हेंडरसाठी राखून ठेवा. खारं आणि पावसाचं निम्मं-निम्मं मिसळलं तरी खूप फरक पडतो.

१०. पानं वाळतायत. पाणी कमी झालं, जास्त झालं, की खार लागला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि सोबत फोटो असतो फक्त शेंड्याचा. बघायचं असतं खाली.

पाणी कमी असेल तर कोवळे शेंडे वाकतात, माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते, आणि पाणी दिल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत झाड उभं राहतं. पाणी जास्त असेल तर माती ओली असूनही झाड मलूल, एखादी पूर्ण फांदी एकदम फिकट पडते, बुंध्याची साल खरवडली तर आत तपकिरी किंवा काळं, मातीला कुबट वास. खार असेल तर सुरुवात जुन्या, खालच्या पानांपासून: टोकं आणि कडा तांबूस होतात, आतला भाग काही दिवस हिरवा राहतो.

घोटाळा होतो तो पहिल्या दोघांत, कारण दोन्हींत झाड मान टाकतं. बोट मातीत घालण्याआधी पाणी ओतू नका. कुजलेल्या मुळांना पाणी देऊन आजवर कुणाचं झाड वाचलेलं नाही.

११. तुम्हीच सांगता माती वाळू द्या, आणि खाऱ्या मातीत वाळू देऊ नका असंही सांगता. कोणतं ऐकायचं?

दोन्ही खरं आहे. मातीत जेवढे क्षार आहेत तेवढेच राहतात आणि पाणी निम्मं उडून गेलं की उरलेल्या पाण्याचा खारटपणा दुप्पट होतो. गोड मातीत वाळवणं हे औषध, खाऱ्या मातीत तेच विष. खाऱ्या मातीत लावलेल्या झाडाला दुष्काळातली सगळी कसरत करावी लागतेच, वर क्षारही झेलावे लागतात.

म्हणून पाणी गोड असेल तर प्रश्न १ चं वेळापत्रक. पाणी किंवा माती खारी असेल तर पूर्ण कोरडं पडू द्यायचं नाही, वरचं बोटभर वाळलं की पाणी. पण देताना थोडं थोडं देणं सर्वांत वाईट. थोडं पाणी क्षार आणून टाकतं, धुऊन नेत नाही. प्रत्येक वेळी इतकं द्या की दिलेल्या पाण्यातला पाचवा-सहावा हिस्सा कुंडीच्या भोकातून बाहेर पडेल. खालच्या ताटलीत साठलेलं लगेच फेकायचं, नाहीतर तेच खारं पाणी परत वर चढतं. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा गोड पाण्याने कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून धुलाई करा.

हे सगळं निचरा असेल तरच. काळ्या सपाट जमिनीत धुवायला गेलात तर पाणी खाली जाणार नाही, तिथे आधी वरंबा, मग पाणी. बेळगाव, खानापूरकरांचं हे काम पाऊसच करून टाकतो. अथणीकडे पाऊस बेळगावच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमीच, तिथे पावसावर भिस्त ठेवता येत नाही.

१२. माती तपासणीच्या अहवालात ईसी १.२ आहे. ४ पेक्षा कमी, म्हणजे उत्तम ना?

थांबा. प्रश्न ८ मधले २ आणि ४ हे आकडे संपृक्त अर्काचे आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा एका भाग मातीत दोन किंवा अडीच भाग पाणी घालून ईसी मोजतात. त्या पातळ द्रावणाचा आकडा कमीच येणार. खरा आकडा दोन-तीन पट, हलक्या मातीत त्याहूनही जास्त असू शकतो. १.२ म्हणजे कदाचित ३ च्या पुढे. अहवालात १:२ किंवा १:२.५ असं कुठे बारीक अक्षरात लिहिलंय का ते बघा, नसेल तर विचारा.

१३. जिप्सम टाकलं की खार जातो का?

चोपण असेल तर मदत होते. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम सोडवतं, आणि मग तो सुटलेला सोडियम भरपूर पाण्याने खाली धुऊन काढावा लागतो. पाणी दिलं नाही, निचरा नसला, तर तो तिथेच राहतो. नुसती क्षारपड जमीन असेल तर जिप्सम टाकून काही साधत नाही. तिथे धुणं हाच उपाय, आणि शेतात भूजल वर असेल तर चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप. दोन लव्हेंडरसाठी कुणी पाइप घालणार नाही, त्यांनी वरंबा किंवा कुंडी करावी.

१४. राख, प्रेसमड, पोटॅश यांतलं काय घालू?

राख नको, मग ती चुलीची असो की गुऱ्हाळाची. त्यात विरघळणारे क्षार असतात आणि सामूही वाढतो. खानापूरच्या आंबट मातीत चिमूटभर चालेल.

साखर कारखान्याची प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) चोपण शेतजमीन सुधारायला कामाची आहे, पण लव्हेंडरच्या कुंडीत ती फार जड. स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) तर दूरच ठेवा.

पोटॅशियम सोडियमशी टक्कर घेतं, म्हणून खाऱ्या मातीत पोटॅशचा फायदा होतो. मात्र दुकानात 'पोटॅश' म्हटलं की लाल म्युरिएट हातात ठेवतात. ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे क्लोराइडची भर. सल्फेट ऑफ पोटॅश मागून घ्या. महाग आहे, पण लागतं थोडंसंच.

१५. कुंडीवर पांढरा थर आलाय, तो खारच ना?

नेहमी नाही. जड पाण्यातला चुनाही तसाच दिसतो. थर खरवडून त्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर बहुधा चुना, आणि त्याने डेंटाटाला किंवा इंग्लिशला काही होत नाही. फसफसला नाही तर विरघळणारे क्षार, मग प्रश्न ११ मधली धुलाई. धुण्याचा सोडाही फसफसतो, त्यामुळे मोरीचं पाणी देत असाल तर ही परीक्षा लागू नाही. मोरीचं पाणी देऊच नका.

१६. आरओचं वाया जाणारं पाणी?

तुमच्या बोअरच्या पाण्यातलाच क्षार त्यात दाटून आलेला असतो. नको. सॉफ्टनरचं पाणी हाताला मऊ लागतं, पण त्यात कॅल्शियम काढून सोडियम घातलेला असतो, तेही नको. एसीचं पाणी चालतं.

१७. ताण दिला की वास वाढतो, हे खरं का?

हलक्या ताणात तेलाचं प्रमाण बऱ्याचदा वाढतं. पण फुलं आणि पानं कमी येतात, म्हणून झाडामागे मिळणारं एकूण तेल वाढेलच असं नाही. मुद्दाम उपाशी ठेवू नका. नुसतं वासासाठी लावलं असेल तर पूर्ण ऊन द्या. तेलाच्या गाठी सगळ्यांत जास्त फुलाच्या देठाजवळच्या निळसर पुष्पकोशावर असतात, तिथे चुरगाळून बघा.

१८. एकरभर लावून तेल काढायचं म्हणतोय. एजंट म्हणतो पडीक खाऱ्या जमिनीतही येतं.

नको. देशात लव्हेंडरची शेती जमली ती जम्मूतल्या भदरवाहसारख्या थंड डोंगराळ भागात, सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेतून. तिथली थंडी आणि उतार इथे विकत मिळत नाहीत. 'सोसतं' आणि 'पिकतं' यात अंतर आहे. खाऱ्या जमिनीत झाड जगवून दाखवता येईल, ऊर्ध्वपातनाचा (वाफेने तेल काढण्याचा) खर्च निघण्याइतकी फुलं येणार नाहीत. पडीक चोपण जमीनच वापरायची असेल तर खस (वाळा) तिला कितीतरी जास्त दाद देते, आणि पामारोझाही (रोशा गवत) विचारात घ्या. त्यांचंही तेलच निघतं. एजंटला एक विचारा: खरेदीचा करार रोपं घेण्याआधी लेखी देतोस का?

१९. मुलगी कारवारला असते. तिच्या गॅलरीत समुद्राचा वारा येतो. इथून रोप नेऊ का? आणि तिकडची वाळू इकडे आणू का?

रोप न्या, डेंटाटा न्या. खाऱ्या वाऱ्याचा त्रास पानांना होतो, तेव्हा पावसाळा सोडून आठ-दहा दिवसांनी गोड पाण्याने पानं सकाळी धुऊन टाकायची, म्हणजे ऊन चढेपर्यंत वाळतात. प्रश्न ९ मध्ये पानांवर पाणी नको म्हटलंय ते खाऱ्या पाण्याबद्दल. तिकडचा पाऊस मात्र बेळगावच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली.

वाळू आणू नका. किनाऱ्यावरची वाळू बारीक आणि खारी असते, धुतली तरी बारीकच राहते आणि निचऱ्याला उपयोगी पडत नाही. शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलणं बेकायदा आहे. खडीच्या क्रशरवर जाड कच मिळते, ती धुऊन वापरा.